मेंढीच्या मटणाला पुन्हा पुन्हा वास येतोय? आधी चरबी हुंगा, मग गव्हाण तपासा

तक्रार ठरलेली असते: "मटण कोवळं होतं, शिजलंही पटकन, पण वास होता." देपालपूर, सांवेर, हातोद, महू या बाजूला वीस-पन्नास मेंढ्या राखून इंदूरच्या ओळखीच्या घरांना मागणीप्रमाणे माल देणाऱ्याला ती वर्षातून दोन-तीनदा तरी ऐकावी लागते. गंमत अशी की दर वेळी वास तोच नसतो. जानेवारीत एक घर म्हणतं, गोठ्यासारखा वास आला. त्यावर काहीतरी उपाय करावा, तर मार्चमध्ये दुसरं घर म्हणतं, घामट, ओल्या लोकरीसारखा वास आला. मग दोष जातीवर जातो, खाटकावर जातो, आणि शेवटी वाटणात लसूण कमी पडला इथपर्यंत येऊन थांबतो.

इथे एक गोष्ट धरून चालावी लागते. इंदूरचं राज्य उभं करणारे होळकर मूळचे धनगर, पण आज या शहरात मटण म्हटलं की बोकडच. बोकडाला सरावलेल्या जिभेला मेंढीचा नेहमीचा वासही 'वेगळा' वाटतो. तो पूर्ण घालवता येणार नाही, आणि घालवूही नये. मेंढीचं मटण मेंढीसारखंच लागायला हवं. घालवायचा आहे तो त्याच्या वर चढलेला वास. तो चार प्रकारचा असतो, आणि एका प्रकारावर केलेला उपाय दुसऱ्या प्रकाराला आमंत्रण देतो. तक्रार पुन्हा पुन्हा येते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

पहिलं काम : वास ठरवणे

वास मांसापेक्षा चरबीत जास्त साठतो. त्यामुळे रस्सा चाखून निदान करू नका, मसाल्यात काहीच कळत नाही. पाठीवरची किंवा शेपटीच्या मुळाजवळची ५० ग्रॅम चरबी घ्या. गुर्द्याभोवतीची घेऊ नका. घामट वासाची द्रव्यं कातडीखालच्या चरबीत जास्त असतात, गुर्द्याच्या चरबीत कमी, आणि निकाल खोटा येतो. छोट्या स्टीलच्या भांड्यात, मीठ-पाणी काहीही न घालता, झाकण ठेवून मंद आचेवर ५ मिनिटं वितळू द्या. झाकण उचलल्यावर येणारा पहिला श्वास खरा. तिसऱ्या-चौथ्या वेळी नाक सरावतं. कळपात दिवसभर वावरणाऱ्याने हुंगू नये, त्याच्या कपड्यांनाच वास असतो. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.

दुसऱ्या भांड्यात दिसेल तेवढी सगळी चरबी काढलेलं मांडीचं १०० ग्रॅम मांस, २०० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून २० मिनिटं उकळा.

चरबीला वास आहे आणि मांसाच्या पाण्याला नाही, तर कारण चाऱ्यात, वयात किंवा जनावर खच्ची न केल्यात आहे. मांसाला आहे आणि चरबीला नाही, तर चाऱ्याच्या मागे लागू नका: एक तर जनावर दमलेलं-घाबरलेलं असताना कापलं गेलं, नाही तर सोलताना लोकर मांसाला घासली. मांसाचा वरचा तीन मिलिमीटर थर सुरीने काढून पुन्हा उकळा. वास गेला तर लोकरीचा मळ, राहिला तर जनावराचा ताण. दोन्हीला वास नाही आणि ग्राहकाला मात्र आला, तर गोष्ट नंतरची आहे, फ्रीजमधली.

चरबीला वास असेल तर त्याला नाव द्या. घामट-लोकरी, शेणट, भाजीचा, की खवट? एकदा नाव दिलं की गव्हाणीत काय बघायचं ते कळतं.

शेणट वास, हिवाळ्यातला

डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या बऱ्याच तक्रारी या प्रकारच्या असतात. विहिरीला पाणी असतं, बरसीम आणि लसूणघास जोमात असते, आणि हिरवं घातलं की मेंढी चमकते. म्हणून २५ किलोच्या कोकरालाही रोज पाच-सहा किलो हिरवं पडतं, तेही पहाटेच्या दवात भिजलेलं, सोबत कोरडं काही नाही.

अशा कोवळ्या द्विदल चाऱ्यात प्रथिनं भरपूर, वाळलेल्या वजनावर १७ ते २० टक्के, आणि ती कोटीपोटात (पोटाच्या पहिल्या, चारा आंबवणाऱ्या कप्प्यात) फार वेगाने फुटतात. ती वापरायला जंतूंना त्याच वेळी ऊर्जा लागते, म्हणजे स्टार्च किंवा साखर. ती नसली की प्रथिनातलं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल कुजत जाऊन त्याचं स्कॅटोल बनतं. विष्ठेच्या वासामागे असतं ते हेच द्रव्य. ते रक्तात शोषलं जातं, यकृत बरंचसं निकाली काढतं, उरलेलं चरबीत बसतं. म्हणजे शेणट वास गोठ्याच्या घाणीतून मटणात जात नाही. गोठा आरशासारखा ठेवला आणि गव्हाण तशीच ठेवली, तर वास कायम राहील.

उपाय सोपा आहे, पण क्रम पाळावा लागतो. सकाळी आधी कोरडं: हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा), किंवा गव्हाचं भूस ज्याला इकडे सुकला म्हणतात, डोक्याला २०० ग्रॅम. ते खाल्ल्यावर तासाभराने हिरवं. बरसीम किंवा लसूणघास आदल्या संध्याकाळी कापून पातळ पसरून सुकत ठेवा, सकाळपर्यंत पाणी उतरतं. २५ किलोच्या जनावराला असं हिरवं दीड ते दोन किलोच्या वर नको. त्यासोबत १०० ते १५० ग्रॅम मका किंवा ज्वारी. इतकं धान्य प्रथिनांना जोडीदार म्हणून पुरतं.

जोडीला टॅनिन, म्हणजे झाडपाल्यातलं तुरट द्रव्य. बाभळीच्या वाळलेल्या शेंगा किंवा बोरीचा वाळलेला पाला, डोक्याला १५० ते २०० ग्रॅम. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, ती कोटीपोटात फुटण्याचा वेग मंदावतो, स्कॅटोल कमी बनतं. मेंढपाळ बाभळीखाली आणि बोरीच्या काटवणात कळप नेतात तेव्हा हेच साधलं जातं. यापेक्षा जास्त मात्र देऊ नका. टॅनिन फार झालं की जनावर चारा सोडतं आणि लेंडी घट्ट होते.

हा वास चारा बदलल्यावर दोन ते तीन आठवड्यांत उतरतो. म्हणून कापण्याआधीचे शेवटचे १५ ते २० दिवस बरसीम-लसूणघास पूर्ण बंद ठेवून हिरवा मका, संकरित नेपिअर किंवा वाळलेलं गवत द्यावं.

(लसूणघासीच्या नावावर जाऊ नका. तिचा लसणाशी काही संबंध नाही, आणि तिच्यामुळे येणारा वास लसणाचा नसतो. ही गल्लत ग्राहकच नाही, पाळणारेही करतात.)

घामट वास : धान्याचा अतिरेक आणि एडका

आता नेमकी इथे गाडी उलटते. शेणट वासाची तक्रार आली की पाळणारा हिरवं एकदम बंद करतो आणि मक्याचा भरडा किंवा पीठ ६००-७०० ग्रॅमवर नेतो. महिना-दीड महिन्यात शेणट वास जातो, आणि जनावर नर, खच्ची न केलेलं, दहा महिन्यांच्या पुढचं असेल तर घामट वास येतो. पाळणाऱ्याला वाटतं वास गेलाच नाही. तो गेला होता; हा दुसरा आहे.

मेंढीचा खास वास कशाचा, याचं उत्तर १९७५ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दिलं. ४-मिथाइलऑक्टॅनोइक आम्ल आणि त्याच्या जवळची, फांदी फुटलेल्या साखळीची मेदाम्लं हे त्याचं कारण. त्यांतलंच एक, ४-एथाइलऑक्टॅनोइक, बोकडाच्या दर्पालाही कारणीभूत आहे, आणि ते इतकं तीव्र आहे की पाण्यात अब्जांश प्रमाणातही नाकाला कळतं.

ही मेदाम्लं धान्याने का वाढतात? स्टार्च जास्त झालं की कोटीपोटात प्रोपिऑनिक आम्ल जास्त बनतं. यकृत त्याची साखर करतं, पण त्याची क्षमता ठरलेली आहे, आणि त्या कामातला एक टप्पा ब१२ जीवनसत्त्वावर अवलंबून आहे. क्षमतेबाहेरचं प्रोपिऑनिक आम्ल चरबीच्या पेशींपर्यंत पोचतं आणि तिथे सरळ साखळीऐवजी फांद्यांची मेदाम्लं बनू लागतात. त्याची एक खूणही दिसते. अशा जनावराची पाठीवरची चरबी मऊ, तेलकट राहते. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेला चरबीचा तुकडा बोटाने दाबून बघा: चांगला असेल तर मेणासारखा कडक तुटेल, नसेल तर लोण्यासारखा दबेल.

स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत १९७०च्या दशकात बार्लीवर वाढवलेल्या कोकरांत ही मऊ चरबी अभ्यासली गेली. त्यातून निघालेली एक गोष्ट आपल्याकडे फुकट वापरता येते: धान्य दळू नका. अख्खं धान्य मेंढी नीट चावते. गाई-म्हशीच्या शेणात अख्खे दाणे दिसतात तसे मेंढीच्या लेंडीत फारसे दिसत नाहीत. चावण्यात वेळ जातो, लाळ जास्त सुटते, स्टार्च हळूहळू मिळतं, प्रोपिऑनिक आम्लाचा लोंढा येत नाही. मका अख्खा किंवा फार तर दोन-तीन तुकड्यांत भरडलेला द्या. गिरणीतून पीठ करून आणण्याचे पैसे वाचतात आणि पोटही बिघडत नाही.

खुराकाची मर्यादा: २५ किलोच्या जनावराला रोज ३०० ते ३५० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. १०० किलोंचं मिश्रण असं चालतं: मका ४५ किलो, गव्हाचा कोंडा २६, तेल काढलेल्या सोयाबीनची पेंड १५, हरभऱ्याची चुनी १०, मेंढ्यांसाठीचं खनिज मिश्रण २, चुनखडीची पूड १, मीठ १. प्रथिनं साधारण १६ टक्के बसतात. मका अख्खा ठेवला तर तो वर आणि भुकटी तळाशी जाते, म्हणून घालताना पाण्याचा हबका मारून कालवा.

खनिज मिश्रण मेंढ्यांचंच हवं, यात तडजोड नको. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं आणि मेंढीला तांब्याची विषबाधा इतर जनावरांपेक्षा लवकर होते. महिनोन्‌महिने काही दिसत नाही आणि एक दिवस लघवी लाल होऊन जनावर जातं. मिश्रणात कोबाल्ट आहे का तेही पिशवीवर वाचा. कोटीपोटातले जंतू ब१२ बनवतात ते कोबाल्टपासून, आणि वर सांगितलेला यकृतातला टप्पा त्याच ब१२ वर चालतो. चुनखडीचा एक किलोही वगळू नका. कोंडा आणि धान्य यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी; ते दोनास एक असं कॅल्शियमच्या बाजूने झुकलं नाही तर खुराकावरच्या नरांना मूतखडा होतो.

पण खरं सांगायचं तर घामट वासात चाऱ्याचा वाटा निम्माच. उरलेला वय आणि नरपणाचा. आपल्याकडची नर कोकरं सहा ते नऊ महिन्यांत वयात येतात आणि तिथून ही मेदाम्लं चढू लागतात. खच्चीकरण करायचं तर रबरी कडं पहिल्या आठवड्यात-दोन आठवड्यांत, किंवा दोन-तीन महिन्यांच्या वयात पशुवैद्याकडून बर्डिझो चिमट्याने. वर्षाच्या एडक्याला खच्ची करून महिन्याभरात मटण सुधारेल ही आशा ठेवू नका. जमलेली चरबी जुनीच असते, आणि हा वास शेणट वासासारखा पंधरा-वीस दिवसांत उतरत नाही. खच्ची करायचंच नसेल तर सहा-सात महिन्यांच्या आत कापावं, वजन थोडं कमी मिळेल.

भाजीचा वास

माळव्यात लसणाचं पीक मोठं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की पात, टरफलं, फुटक्या कळ्या फुकट मिळतात. इंदूरच्या चोइथराम मंडीकडून येणाऱ्या टाकाऊ भाजीत कोबीचा पाला, फ्लॉवरचे दांडे, मुळ्याची पात असते. मोहरीच्या शेतातली विरळणी असते. हे सगळं मेंढी आवडीने खाते आणि सगळ्याचा वास उतरतो, कारण यांतली गंधकाची संयुगं पोटातून आणि श्वासातूनही रक्तात जातात. लसूण-कांदा कापण्याआधी किमान दहा दिवस, कोबी-मोहरी-मुळा किमान पंधरा दिवस बंद. एवढं केलं की हा प्रकार संपतो. चौघांत हाच सोपा. कांद्याची टाकाऊ रास मात्र वासाचा प्रश्न नसला तरी रोज भरपूर देऊ नका, तांबड्या पेशी फुटून जनावर फिकं पडतं.

बिघडलेल्या मुरघासाचंही इथेच सांगून टाकतो. मुरघास आंबट-गोड वासाचा हवा. उघडल्यावर कुजक्या लोण्यासारखा वास आला तर तो शेवटच्या महिन्यातल्या जनावरांपुढे टाकू नका.

खवट वास, उन्हाळ्यातला

मार्च सरला की हिरवं संपतं आणि जूनपर्यंत सगळा भार भुसावर आणि खुराकावर येतो. हिरव्या चाऱ्यातून मिळणारं ई जीवनसत्त्व बंद होतं. हे जीवनसत्त्व चरबीत बसून तिला हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवतं. ते नसलं की मटण कापल्यावर दुसऱ्या दिवशी रंग उतरतो आणि फ्रीझरमध्ये ठेवलं तरी काही आठवड्यांत जुन्या तेलासारखा वास येतो. ताज्या मटणाला काहीच नसतं. म्हणून पाळणारा म्हणतो माल चोख होता, ग्राहक म्हणतो वास होता, आणि दोघंही खरं बोलत असतात.

त्यात इंदूरची एक खास भर पडते: शेव-नमकीनचा चुरा. स्वस्तात मिळतो, मेंढ्या तुटून पडतात, वजनही चढतं. पण त्यात तळणीचं, अनेकदा आधीच तापून थकलेलं तेल असतं आणि मीठ भरपूर. एकूण चाऱ्यातलं तेल वाळलेल्या वजनाच्या पाच-सहा टक्क्यांवर गेलं की कोटीपोटातले तंतुमय चारा पचवणारे जंतू मंदावतात, शिवाय चरबी मऊ आणि लवकर खवटणारी होते. दिलाच तर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शेवटच्या महिन्यात अजिबात नाही. भाताच्या कोंड्याचंही तेच. तेल न काढलेला कोंडा उन्हाळ्यात गोणीतच खवट होतो. मूठभर हातावर चोळून हुंगा. साबणासारखा किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर तो परत करा.

उन्हाळ्यात डोक्याला अर्धा ते एक किलो हिरवा मका किंवा नेपिअर मिळाला तरी फरक पडतो. तेही शक्य नसेल तर शेवटचे चार आठवडे खुराकातून ई जीवनसत्त्व द्यावं. प्रमाण पशुवैद्याला विचारून, वजनाप्रमाणे. आणि ग्राहकाला सांगा: उणे १८ अंशांवरही चरबीसकट मटण दोन महिन्यांच्या पुढे ठेवू नये, हवाबंद पिशवीत ठेवावं, वितळवून पुन्हा गोठवू नये.

शेवटच्या ४२ दिवसांचं वेळापत्रक

वर सुटं सुटं सांगितलेलं एकत्र कसं बसवायचं ते २५ किलोच्या जनावराच्या हिशेबाने. त्याला दिवसाला साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो कोरडा अंश लागतो.

पहिले चार दिवस खुराक फक्त १०० ग्रॅम, कोरडं कुटार हवं तेवढं, सुकवलेलं हिरवं दीड किलो. मग दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅमने वाढ, म्हणजे अठराव्या-विसाव्या दिवशी ३५० ग्रॅम. यात घाई केली तर पोटात आम्ल वाढून जनावर बसतं, लेंडी पातळ होते, आणि आंत्रविषाराने (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने) चांगलं धष्टपुष्ट कोकरू रात्रीत मरतं. आंत्रविषाराची लस खुराक वाढवण्याच्या किमान दोन आठवडे आधी झालेली हवी. लेंडी पातळ दिसली की खुराक दोन पायऱ्या खाली आणा आणि दोन दिवस कुटारावर ठेवा.

विसाव्या ते बाविसाव्या दिवसापर्यंत तसंच. बाविसाव्या दिवसापासून बरसीम-लसूणघास कमी करत तीन दिवसांत बंद. त्या जागी हिरवा मका १ किलो, हरभऱ्याचं कुटार ४०० ग्रॅम, खुराक ३५० ग्रॅम. लसूण, कोबी, मोहरी, नमकीनचा चुरा हे ४२ दिवसांत कधीच नाही, म्हणजे तारखा मोजत बसावं लागत नाही. ज्वारीचा हिरवा चारा वापरायचा तर फुलोऱ्यावर आलेली ज्वारी घ्या. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी विषारी असते.

एक धोका वेगळा सांगतो. सोयाबीनच्या पट्ट्यात कच्चं सोयाबीन खुराकात टाकायचा मोह होतो. ते आणि युरिया प्रक्रिया केलेलं भूस एका वेळी कधीही देऊ नका. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे विकर युरियाचा झपाट्याने अमोनिया करतं आणि जनावर दगावू शकतं.

बेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी चारा काढून घ्या, पाणी ठेवा. कापण्याआधी १२ तास उपास पुरे. २४ तासांच्या पुढे उपाशी ठेवणं उलट नुकसान करतं. जनावर उपाशी, तहानलेलं, दुपारच्या उन्हात टेम्पोत उभं राहून आलेलं किंवा कुत्र्यांनी पळवलेलं असेल तर स्नायूतली साखर संपते, मांसाचा सामू (पीएच) ५.५ ते ५.८ पर्यंत उतरण्याऐवजी ६ च्या वर राहतो. मांस काळपट, चिकट, लवकर नासणारं होतं. ४२ दिवसांची मेहनत दोन तासांच्या प्रवासात जाते. पहाटे न्यावं आणि कत्तलखान्यात पोचल्यावर सावलीत, पाण्यासह काही तास शांत बसू द्यावं.

एका वेळी एकच बदल

सगळं करूनही तक्रार राहिली तर सगळंच पुन्हा बदलू नका. एकाच वयाची, एकाच कळपातली दोन-दोन जनावरं घ्या. एका जोडीला नेहमीचा चारा, दुसरीला फक्त एक फरक: मका अख्खा, किंवा बरसीम बंद, किंवा बाभळीच्या शेंगा सुरू. ४२ दिवसांनी चौघांच्या चरबीची वर सांगितलेली वितळवून हुंगण्याची चाचणी, भांड्यांना फक्त आकडे घालून, कोणतं कुणाचं ते हुंगणाऱ्याला न सांगता. वहीत जनावराचा बिल्ला क्रमांक, जन्ममहिना, खच्ची की नाही, दीड महिन्यात काय काय खाल्लं, आणि वासाचं नाव लिहा. 'ठीक', 'बरा' असले शेरे वहीत नकोत, त्यातून पुढच्या वेळी काही कळत नाही.

राजस्थानातून खाली उतरणाऱ्या कळपांकडून जनावरं घेणाऱ्यांसाठी एवढंच: त्यांचं वय दातावरून स्वतः तपासा. पुढचे दोन कायमचे दात आले असतील तर जनावर वर्षाच्या पुढे गेलेलं आहे आणि नर असेल तर घामट वासाची तयारी ठेवा. रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या जनावरावर चरबी कमी, म्हणून वासही कमी. घरी आणून खुराकावर बसवलं की चरबी चढते आणि वास तिच्यासोबत येतो. असं जनावर खाऊ घालून जाड करण्यापेक्षा जंतनाशक देऊन, दोन-तीन आठवडे गवत-कुटारावर स्थिर करून विकलेलं बरं.

आणि हातात आलेलं मटणच वासाचं निघालं तर? दही-व्हिनेगरमध्ये मुरवून फार फरक पडत नाही, कारण वास चरबीत आहे आणि आंबट पाणी चरबीत शिरत नाही. दिसेल ती चरबी सुरीने काढा, शेपटीच्या मुळाजवळची सगळी. मटण पाण्यात घालून पहिली दहा मिनिटं झाकण न ठेवता उकळा, वर येणारा फेस आणि तवंग काढा. मग झाकून शिजवा, गार करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मेंढीची चरबी लवकर गोठते, सकाळी वर पांढरी साय धरलेली असते. ती उचलून टाका आणि मगच ताज्या तेलात कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून रस्सा करा. वाढताना रस्सा कढत असू द्या; गार होऊ लागला की उरलीसुरली चरबी टाळूला चिकटते आणि वास पुन्हा जाणवतो.